दुकानावरची पाटी ‘जाहिरात’ कधी ठरते? वसई-विरारच्या दुकानदाराला नोटीस आली तर कायदा काय सांगतो

समजा, नालासोपारा पूर्वेला आचोळे रोडवर मोबाईल दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. गाळा भाड्याचा. शटरच्या वर एका मोबाईल कंपनीने फुकटात लावून दिलेला, आतून दिवे असलेला बोर्ड. त्यावर कंपनीचं नाव ठळक आणि दुकानाचं नाव खाली कोपऱ्यात. बाहेर फुटपाथवर ‘स्क्रीन बदलून मिळेल’ असं लिहिलेली स्टँडी.

एक दिवस महापालिकेचे कर्मचारी येतात, बोर्डाचे फोटो काढतात, माप घेतात. काही दिवसांनी नोटीस येते: विनापरवाना जाहिरात फलक लावला आहे, शुल्क भरा किंवा काढून टाका. स्टँडी तर त्याच दिवशी गाडीत गेलेली असते.

दुकानदाराचा पहिला प्रश्न अगदी साधा असतो. माझ्याच दुकानावर, माझ्याच नावाची पाटी लावायला परवानगी कशाला?

या प्रश्नात तथ्य आहे. दुकानाच्या साध्या पाटीला कायद्याने सूट दिलेली आहे. पण ती सूट कुठे संपते हे बहुतेक दुकानदारांना नोटीस हातात पडल्यावरच कळतं. म्हणून हा वाद नीट समजून घेऊ.

वसई-विरारला कोणता कायदा लागू होतो?

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून ती बनली. आज तिचा कारभार ९ प्रभाग समित्यांमधून चालतो.

मुंबईच्या महापालिकेसाठी १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. वसई-विरारचा कारभार मात्र ‘महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९’ नुसार चालतो. पुणे, ठाणे, नाशिक यांनाही हाच कायदा लागू आहे. त्यामुळे मुंबईतल्या नियमाची बातमी व्हॉट्सॲपवर आली म्हणून तो नियम वसईत जसाच्या तसा लागू होतो असं नाही.

या कायद्यातली दोन कलमं फलकांबद्दल आहेत. कलम २४४ ‘आकाशचिन्हां’बद्दल आहे, कलम २४५ जाहिरातींबद्दल. त्यांच्या अंमलबजावणीसाठी राज्य सरकारने मे २०२२ मध्ये नवे नियम अधिसूचित केले. त्याआधी २००३ चे नियम होते.

साध्या पाटीला सूट आहे का?

आहे. कलम २४५ म्हणतं की आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय कुणीही जमिनीवर, इमारतीवर, भिंतीवर किंवा सांगाड्यावर जाहिरात लावू नये. पण लगेच पुढे अपवादही देतं. दुकानदाराच्या कामाचे अपवाद असे:

- दुकानाच्या खिडकीच्या आत लावलेली जाहिरात
- त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याबद्दलची जाहिरात
- त्या जागेच्या विक्रीबद्दल किंवा ती भाड्याने देण्याबद्दलची पाटी
- इमारतीचं नाव किंवा मालकाचं, वापरणाऱ्याचं नाव

म्हणजे किराणा दुकानावर ‘किराणा व जनरल स्टोअर्स’, शिंप्याच्या दुकानावर ‘लेडीज टेलर’, क्लासच्या दारावर क्लासचं नाव अशा पाट्यांना कलम २४५ खाली परवानगीची गरज नाही.

पण या सगळ्या सवलतीला एक अट आहे. ती जाहिरात प्रकाशित, म्हणजे दिव्यांनी उजळलेली नसावी आणि ती आकाशचिन्ह नसावी. बहुतेक वाद इथूनच सुरू होतो.

दिवा लावला की काय बदलतं?

पूर्वी पत्र्यावर पेंटर अक्षरं रंगवून द्यायचा. संध्याकाळी वर एखादा बल्ब लागायचा. आता स्टेशनजवळच्या कुठल्याही बाजारात जा, आतून दिवे असलेले ग्लो साइन बोर्ड, एलईडीची सरकती अक्षरं, उजेडात उठून दिसणारी कापलेली अक्षरं दिसतात. शेजारच्याने लावलं म्हणून आपणही लावायचं, नाहीतर आपलं दुकान अंधारात हरवतं.

कायद्याच्या दृष्टीने मात्र पत्र्याची पाटी आणि उजळलेला बोर्ड यांत मोठा फरक आहे. मजकूर तोच, दुकान तेच, तरी दिवे असलेल्या बोर्डाला अपवादाचा आधार घेता येत नाही. बोर्ड जाहिरात मानला गेला तर त्याला लेखी परवानगी लागते, आणि परवानगी म्हटली की शुल्कही आलं. बोर्डाची ऑर्डर देताना ही गोष्ट कारागीर सांगत नाही आणि दुकानदार विचारत नाही.

आकाशचिन्ह म्हणजे काय?

नाव भारी असलं तरी अर्थ सोपा आहे. इमारतीच्या वर किंवा खांबाच्या, सांगाड्याच्या आधाराने उभी केलेली अशी जाहिरात, जी रस्त्यावरून पाहिली तर मागे आकाश दिसतं. गच्चीवर लोखंडी अँगल ठोकून उभा केलेला क्लासचा किंवा दवाखान्याचा भलामोठा फलक हे त्याचं ठळक उदाहरण.

अशा फलकाला परवानगी लागतेच, मग तो स्वतःच्या धंद्याचा का असेना. ती परवानगी एका वेळी दोन वर्षांहून जास्त काळासाठी देता येत नाही. म्हणून पाच वर्षांपूर्वीची पावती दाखवून आज काम भागत नाही.

कंपनीने फुकट दिलेला बोर्ड महाग का पडतो?

शीतपेय, रंग, मोबाईल, सिमेंट, आइस्क्रीम अशा कंपन्या छोट्या दुकानांना बोर्ड फुकट करून देतात. दुकानदाराचे काही हजार रुपये वाचतात. कंपनीला मात्र भर बाजारात जागा मिळते, तीही भाडं न देता.

महापालिका अशा बोर्डाकडे दुकानाची पाटी म्हणून न बघता कंपनीची जाहिरात म्हणून बघू शकते. ‘मी तो माल विकतो, म्हणजे ही माझ्याच धंद्याची जाहिरात’ असा युक्तिवाद दुकानदार करू शकतो, आणि त्याला कलम २४५ च्या अपवादाचा आधारही आहे. पण हे बोर्ड बहुतेक वेळा आतून उजळणारे असतात, त्यामुळे तो आधार तिथेच सुटतो.

मग दोषी कोण? जाहिरात ज्याच्या वतीने लावलेली दिसते त्यानेच नियम मोडला, असं उलट सिद्ध होईपर्यंत कायदा गृहीत धरतो. पण फलक काढण्याची नोटीस जागेच्या मालकाला किंवा वापरणाऱ्यालाही देता येते. नोटीस घेऊन येणाऱ्याला कंपनीचं मुख्य कार्यालय सापडत नाही, शटर उघडून बसलेला दुकानदार सापडतो. म्हणून कंपनीचा माणूस बोर्ड लावायला येतो तेव्हाच परवानगी कोण काढणार आणि शुल्क कोण भरणार, हे त्याच्याकडून लेखी घेतलेलं बरं.

नुसतं नाव म्हणजे जाहिरात का?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. आयसीआयसीआय बँकेच्या मुंबईतल्या एटीएम केंद्रांबाहेरच्या फलकांना महापालिकेने जाहिरात मानलं होतं. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात कलम ‘३२८ अ’ आहे. त्याची रचना वसई-विरारला लागू असलेल्या कलम २४५ सारखीच आहे.

२००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक कसोटी सांगितली. एखादा फलक जाहिरात ठरायचा असेल, तर त्यामागे व्यावसायिक हेतू, म्हणजे लोकांना ग्राहक म्हणून ओढून घेण्याचा हेतू दिसला पाहिजे. अमुक ठिकाणी अमुक सेवा आहे एवढी माहिती देणं वेगळं आणि जाहिरात करणं वेगळं.

छोट्या दुकानदारासाठी ही कसोटी फार कामाची आहे. ‘श्री गणेश मेडिकल’ एवढंच लिहिलेलं असेल तर ती ओळख आहे, असं म्हणता येतं. त्याखाली ‘सर्व औषधांवर भरघोस सूट, आजच या’ असं आलं की पारडं जाहिरातीकडे झुकतं. महापालिकेचा कर्मचारी आधी दिवा आणि माप बघतो. न्यायालयाने मात्र आधी मजकूर आणि हेतू बघितला. नोटिशीला उत्तर देताना हा फरक लक्षात ठेवायला हवा. अर्थात प्रत्येक पाटीचा मजकूर वेगळा असतो, त्यामुळे एका निकालावरून सगळ्या पाट्या आपोआप सुटत नाहीत.

स्टँडी विचारल्याशिवाय का उचलली जाते?

फुटपाथवरच्या स्टँडीचा प्रश्न जाहिरातीच्या परवानगीपुरता नाही. ती रस्त्यावर ठेवलेली वस्तू आहे. त्यासाठी याच कायद्यात वेगळी कलमं आहेत. रस्त्यात अडथळा होईल असं बांधकाम किंवा वस्तू ठेवायला कलम २२९ आणि २३० मनाई करतात. कलम २३१ आयुक्तांना अशा गोष्टी नोटीस न देता हटवण्याचा अधिकार देतं.

मुंबईच्या कायद्यातल्या अशाच अधिकाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात निकाल दिला होता. तो खटला फुटपाथवर राहणाऱ्या लोकांचा होता. न्यायालयाने तो अधिकार वैध ठरवला, पण नोटीस न देणं हा अपवाद असावा, एरवी समोरच्याचं ऐकून घ्यावं, असं सांगितलं.

भिंतीवर पक्क्या बसवलेल्या बोर्डाची गोष्ट वेगळी. परवानगीशिवाय केलेली गोष्ट काढून टाकायला सांगण्यासाठी कलम ४७८ मध्ये लेखी नोटिशीची तरतूद आहे. त्यामुळे बोर्डाबाबत नोटीस मिळाली का, ती कुणाच्या नावावर होती आणि किती दिवसांची मुदत दिली होती, हे दुकानदाराने तपासावं.

जीएसटी आल्यावर जाहिरात कर गेला ना?

गेला. पूर्वी वर्तमानपत्र, रेडिओ आणि टीव्ही सोडून इतर जाहिरातींवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना होता. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली ती ५५ वी नोंद वगळली आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला.

पण कर आणि शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर गेला तरी परवानगी देण्याचा अधिकार महापालिकेकडे राहिला आणि त्या परवानगीचं शुल्कही राहिलं. म्हणून ‘आम्ही जीएसटी भरतो, आता तुम्हाला पैसे कशाचे?’ हा वाद नोटिशीपुढे टिकत नाही. ‘हे शुल्क कोणत्या नियमाने आणि कोणत्या ठरावाने आकारलं?’ हा प्रश्न मात्र टिकतो.

कायद्याच्या कलम ३८६ नुसार परवान्याचे आणि परवानगीचे दर आयुक्त ठरवतात आणि त्याला महापालिकेची मंजुरी लागते. वसई-विरारमध्ये जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची पाच वर्षं आणि त्याहून थोडा जास्त काळ निवडून आलेलं सभागृह नव्हतं. प्रस्ताव आणणारा आणि मंजूर करणारा, दोन्ही अधिकार प्रशासनाकडेच होते. त्या काळातल्या दराबद्दल शंका असेल तर ठरावाची प्रत मागणं हा दुकानदाराचा हक्क आहे.

मराठी पाटीचा नियम हाच आहे का?

नाही. हा वेगळा कायदा आहे आणि त्याची इथे सर्रास गल्लत होते.

मराठी पाटीची सक्ती ‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७’ मधून येते. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात ‘३६ क’ हे कलम आलं. त्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी, देवनागरी लिपीतली पाटी बंधनकारक झाली. दुसऱ्या भाषेत नाव लिहिता येतं, पण त्याची अक्षरं मराठी अक्षरांपेक्षा मोठी असू नयेत.

या सक्तीला फेडरेशन ऑफ रिटेल ट्रेडर्स वेल्फेअर असोसिएशन या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने आव्हान दिलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांची याचिका फेटाळली आणि २५ हजार रुपये भरायला सांगितले. दुसऱ्या भाषांवर बंदी घातलेलीच नाही, मग हक्क कुठे गेला, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. कोर्टकचेरीवर पैसे घालवण्यापेक्षा पाटीवर घाला, असंही व्यापाऱ्यांना सुनावलं.

मुंबईत दुकाने-आस्थापना कायद्याची अंमलबजावणी महापालिकाच करते. वसई-विरारसारख्या शहरांत गुमास्त्याचं काम राज्याच्या कामगार विभागाकडे आहे. म्हणजे एकाच पाटीची भाषा एक खातं बघतं आणि तिचे दिवे, माप, जागा महापालिका बघते. पाटी मराठीत केली म्हणून महापालिकेची परवानगी मिळाली असं होत नाही आणि शुल्क भरलं म्हणून इंग्रजी पाटी चालते असंही नाही.

महापालिका इतकी मागे का लागते?

उत्पन्न हे एक कारण आहेच. दुसरं कारण जिवाचं आहे.

१३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. ते १२० बाय १२० फुटांचं होतं. मुंबई महापालिकेच्या धोरणात कमाल माप ४० बाय ४० फूट होतं. त्याच्या वर्षभर आधी, १७ एप्रिल २०२३ रोजी, पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे इथे होर्डिंग कोसळून ५ जण गेले होते.

समुद्राकडून येणारा वारा आणि पावसाळा वसईला नवा नाही. गंजलेल्या अँगलवर टेकलेला, जुन्या इमारतीच्या छज्ज्याला ठोकलेला दहा फुटी बोर्डही खालून जाणाऱ्याचा जीव घेऊ शकतो. त्यामुळे तपासणीच नको, असं म्हणता येणार नाही.

पण दुकानदारांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. आमची स्टँडी उचलतात आणि चौकातले वाढदिवसाचे बॅनर महिनाभर तसेच राहतात. कायद्यात असा भेद नाही. नेत्याच्या वाढदिवसाच्या बॅनरलाही परवानगी लागते. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा, १९९५ नुसार दोषी ठरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी राज्यभरातल्या महापालिका आणि नगरपालिकांना बेकायदा फलक हटवण्याचे आणि नागरिकांसाठी तक्रारीची सोय ठेवण्याचे आदेश दिले. दुसऱ्याचा बॅनर बेकायदा आहे म्हणून आपला बोर्ड कायदेशीर होत नाही. पण त्या बॅनरची लेखी तक्रार करण्याचा हक्क दुकानदारालाही आहे.

नोटीस आली तर काय करायचं?

१. नोटीस नीट वाचा. कलम कोणतं लावलं आहे, माप किती लिहिलं आहे, मुदत किती आहे, सही कुणाची आहे, हे बघा.

२. बोर्डाचे फोटो काढून ठेवा. एक लांबून, एक जवळून, एक रात्री दिवे लावून, एक बंद करून. माप स्वतः टेपने घ्या. शुल्क मापावर ठरत असेल तर चुकीच्या मापाचे पैसे खिशातूनच जातात.

३. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. पाटी साधी आणि स्वतःच्या धंद्याची असेल, तर कलम २४५ मधल्या सवलतीचा उल्लेख करा. उत्तराच्या दुसऱ्या प्रतीवर प्रभाग समिती कार्यालयाचा शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी बोलण्याला पुढे पुरावा नसतो.

४. बोर्ड उजळणारा असेल तर दोन रस्ते आहेत. परवानगीसाठी अर्ज करणं किंवा तो काढून साधी पाटी लावणं. अर्जासोबत जागेच्या मालकाची संमती, बोर्डाचं माप आणि जागेचा फोटो तयार ठेवा. सांगाडा मोठा असेल तर तो मजबूत असल्याचं संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र लागू शकतं. गाळा सोसायटीत असेल तर सोसायटीशी आधी बोलून घ्या.

५. पैसे भरले तर पावती घ्या. त्यावर माप आणि कालावधी लिहिलेला आहे का ते तिथेच तपासा. पावतीशिवाय दिलेले पैसे म्हणजे परवानगी नव्हे आणि पुढच्या वर्षी येणारा दुसरा माणूस ते ओळखणारही नाही.

६. शुल्काचा दर कुठून आला हे कळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. २००५ च्या कायद्यानुसार उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. दराचा ठराव आणि आपल्या बोर्डाच्या मोजणीचा अहवाल, दोन्ही मागा.

७. उत्तर देऊनही बोर्ड तोडण्याची वेळ आली तर वकिलाचा सल्ला घ्या. दिवाणी न्यायालय आणि उच्च न्यायालय हे मार्ग उघडे आहेत. पण दोन्हीकडे विचारलं जाईल की नोटिशीला काय उत्तर दिलं होतं.

बोर्ड बनवण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

हा सगळा वाद तीन प्रश्नांवर येऊन थांबतो. बोर्डात दिवा आहे का? बोर्डावर नाव कुणाचं मोठं आहे? आणि बोर्ड कुणाच्या जागेत आहे?

दिवा नाही, नाव आपलं आणि पाटी आपल्याच भिंतीवर, तर कायदा दुकानदाराच्या बाजूने आहे आणि हे त्याने न घाबरता लिहून द्यावं. तिन्हीपैकी एक उत्तर बदललं की परवानगीचा विचार करावा लागतो. आचोळे रोडच्या त्या दुकानात तिन्ही उत्तरं बदललेली होती. बोर्डात दिवा होता, नाव कंपनीचं होतं आणि स्टँडी रस्त्यावर होती. फुकट मिळालेल्या बोर्डाची किंमत नोटिशीतून कळली.